तक्रारी निरंक

"काढ लेकराला. काढ म्हन्ते ना मी!"

म्हातारी माझ्या अंगावर धावून आली तेव्हा बाळ माझ्या छातीशी बांधलेलं होतं. सतराशे ग्रॅमचं बाळ. डोक्याला टोपी, पायात मोजे, कमरेला लंगोट, बाकी अंग उघडं आणि माझ्या उघड्या छातीला चिकटलेलं. वरून सुती पट्टा, त्यावर समोरून उघडणारा गाऊन. जालन्यातलं आमचं खाजगी हॉस्पिटल, तिथला कमी वजनाच्या बाळांचा वॉर्ड. सकाळचे साडेअकरा वाजले होते. आणखी दोन आया आपापली बाळं अशीच छातीशी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यासमोर म्हातारीने पट्ट्याच्या गाठीला हात घातला. गाठ सुटेना, तेव्हा माझा गाऊन ओढला. मी एका हाताने बाळाची मान धरली आणि दुसऱ्या हाताने स्वतःला झाकलं.

"आजी, थांबा. बाळ झोपलंय. त्याला गार लागंल."

"तुझ्या अंगाची ऊब नको आमच्या लेकराला."

हे तिचे शब्द. यात एकही माझ्या पदरचा नाही.

पाच मिनिटांपूर्वी हीच म्हातारी मला देवी म्हणत होती. तेही सांगते. मी या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, सहा वर्षं झाली. बाळाची आई शहागडकडची. दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, तिला झटके आले, म्हणून तिला संभाजीनगरला हलवलं. नवरा तिच्याबरोबर गेला. इथं उरलं बाळ आणि बाळाची आजी, म्हणजे ही म्हातारी. एवढ्याशा बाळाला ऊब लागते, आणि यंत्राच्या उबेपेक्षा माणसाच्या छातीची ऊब त्याला मानवते. आम्ही याला कांगारू पद्धत म्हणतो. आई नसेल तर आजी चालते, मावशी चालते, बापसुद्धा चालतो. डॉक्टरांनी म्हातारीला सांगितलं तर ती म्हणाली, "मला लाज वाटती बाई, परक्या मुलखात चोळी कशी सोडू?" समजण्यासारखं होतं. मग डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, घरचं कुणी येईपर्यंत तुम्ही घ्या."

मी घेतलं. तीन तास घेऊन बसले.

म्हातारी समोर स्टुलावर बसली होती. माझे दोन्ही हात गुंतलेले पाहून तिने डब्यातली दशमी काढली, लोणच्याला लावली आणि स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातली. "हात गुतलेत तुझे. मी घालते. देवीवानी बसलीस बाई." मीही खाल्ली. गोड लागली. मग बोलता बोलता तिने विचारलं, "कोन्या गावची तू?"

"बदनापूरजवळची."

"कोनाची?"

मी वडलांचं नाव सांगितलं.

"अन् आडनाव?"

मी सांगितलं. इथं लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नाही, चौकशी व्हायची आहे म्हणून. म्हातारीने आधी स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. ज्या बोटांनी मला घास घातला होता त्या. ती पदराला पुसली. मग उठली.

आरडाओरडा ऐकून इनचार्ज सिस्टर आली. या बाईने मला हे काम शिकवलं. एवढ्याशा नाकात नळी कशी घालायची, शीर सापडत नसेल तर कुठं शोधायची, सगळं तिचं. मला वाटलं, आता ती म्हातारीला दोन शब्द सुनावेल. तिने माझ्या पाठीमागे येऊन गाठ सोडली. बाळ उचलून म्हातारीच्या हातात दिलं. मला म्हणाली, "तू बाहेर थांब जरा. त्यांचं समाधान होऊ दे."

मी बाहेर गेले. दाराला काच आहे. काचेतून पाहिलं. म्हातारीने पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली. गंगेचं पाणी. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात, आणि शहागडची माणसं दवाखान्यात येताना ते पाणी बरोबर आणतात. आजारी माणसाच्या ओठाला लावायला. म्हातारीने पदराचं टोक त्या पाण्यात भिजवलं आणि बाळाची छाती पुसली. पाठ पुसली. जिथं जिथं माझं अंग लागलं होतं तिथं तिथं पुसलं. डिसेंबरचे दिवस होते. इनचार्ज सिस्टर शेजारी उभी होती. तिने काय म्हणावं?

"थोडंच लावा, आजी."

थोडंच लावा. एका शिकलेल्या, पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या बाईचा विरोध एवढाच.

अर्ध्या तासात बाळाचे पाय निळे पडले. थर्मामीटर पस्तीसच्या खाली. ऊब देणारी यंत्रं, म्हणजे वॉर्मर, तीनच, तिन्हींत बाळं. एक बाळ उचलून दुसऱ्याच्या शेजारी ठेवा, याला जागा करा, गरम कपडे आणा, धावपळ उडाली. मी आत घुसले. इनचार्ज सिस्टरने हात आडवा केला. "तू नको." गार पडलेलं बाळ कसं गरम करायचं ते मला झोपेत विचारलं तरी येतं, आणि मी उंबऱ्यात उभी राहून दुसऱ्यांची धांदल बघत होते. हात शिवशिवत होते. रडू येत नव्हतं, संताप येत होता, आणि तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

बाळ वाचलं. बाळ वाचलं म्हणून सगळे सुटले. केसपेपरवर नोंद झाली, 'बाळाचे तापमान घटले. वॉर्मरवर घेतले.' कशाने घटलं, ते कुणी लिहिलं नाही.

माझी आजी गावातली दाई होती. वडलांची आई. मोठ्या घरातल्या बायकांची बाळंतपणं तिनेच केली. नाळ कापायची ती, वार पुरायची ती, चार दिवस घाणीचे कपडे धुवायची ती. पाचवी झाली की तिचं काम संपलं. मग ते लोक घर सारवून घ्यायचे, पाणी शिंपडायचे आणि आजीला धान्य सुपातून, वरून, पदरात टाकायचे. गरज सरो, वैद्य मरो. तिने ओढून जगात आणलेली पोरं पुढं मोठी होऊन तिला अरे-तुरे करायची. आई हे सांगायची तेव्हा मी म्हणायची, ते जुनं झालं. मी नर्सिंग केलं, पांढरा ड्रेस घातला, मला वाटलं आपण त्यातून बाहेर पडलो.

कुठलं काय! म्हातारीच्या सुनेला झटके आले तेव्हा तिची ओकारी मी पुसली. रक्ताच्या चादरी मी बदलल्या. तेव्हा हीच म्हातारी दारातून ओरडत होती, "बाई, जल्दी कर गं, लेक जाईल माझी!" तेव्हा तिला माझं आडनाव नको होतं. घाणीला आमचा हात चालतो, अगदी बराबर चालतो. बाळ स्वच्छ पुसून, टोपी घालून छातीशी घेतलं की मग चौकशी.

आणि माझंही सांगते, नाहीतर हे सगळं दुसऱ्याच्या माथी मारल्यासारखं होईल. हॉस्पिटलात प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी असते. बहुतेकांच्या पट्टीवर पूर्ण नाव. आम्हा चार जणींच्या पट्टीवर फक्त पहिलं नाव. नोकरीला लागले तेव्हा मला सांगितलं होतं, "पेशंटची माणसं उगाच चौकशा करतात, त्रास तुम्हालाच." मी काय म्हणाले असेन? थँक्यू सर, म्हणाले. सहा वर्षं ती अर्धी पट्टी लावून फिरले. कुणी आडनाव विचारलं की गावाचं नाव सांगायची, सलाईन बघायच्या निमित्ताने उठायची. स्पेशल रूमची ड्युटी आम्हा चौघींना कधीच लागली नाही, हेही मला दिसत होतं. मी तोंड मिटून काम करत होते. त्या दिवशी मात्र हात गुंतले होते, उठता आलं नाही, आणि खरं तोंडातून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीच्या तक्त्यात माझं नाव बाळांच्या वॉर्डातून गायब. खाली तळमजल्याला ऑटोक्लेव्हची खोली आहे. ऑपरेशनची वापरलेली हत्यारं तिथं धुवायची, डब्यात भरायची, वाफेच्या यंत्रात घालायची. तिथं माझं नाव. मी प्रशासक सरांकडं गेले. गोड बोलणारा माणूस. सगळ्यांना ताई म्हणतो.

"ताई, तुमच्याच भल्यासाठी केलंय. वातावरण शांत होऊ द्या."

"किती दिवस, सर?"

"बघू ना."

ऑटोक्लेव्हच्या खोलीत शबाना मावशी होती. आमच्याकडं झाडूपोछा करणाऱ्या, भांडी-हत्यारं धुणाऱ्या बायकांना मावशी म्हणतात आणि पुरुषांना मामा. नातं लावलं की पगारवाढ मागत नाहीत, असा कुणीतरी हिशेब केला असावा. शबाना मावशी सोळा वर्षांपासून त्या खोलीत. मला बघून तिने हातमोजे काढले.

"तुम्ही बी आल्या का हितं?"

"बदली झाली, मावशी."

"मला तर पयल्या दिवसापासून हितंच ठिवलं. म्हने, नाव ऐकून पेशंटचे लोक बिचकतेत. मी म्हन्लं, बरं बाबा, लोखंड तर बिचकत न्हाई."

ती हसली. मला हसू आलं नाही. सोळा वर्षांनी आपणही असंच हसू, असं वाटलं.

पंधरा दिवसांनी बाळाची आई आली. बरी होऊन, बाळाला न्यायला. मी निर्जंतुक केलेल्या हत्यारांचा डबा घेऊन वर आले होते आणि वॉर्डाच्या बाहेर, कोपऱ्यावर होते. ती इनचार्ज सिस्टरला विचारत होती. अशक्त आवाज, पण स्पष्ट ऐकू आलं.

"माझ्या बाळाला छातीला धरून बसल्त्या त्या सिस्टर कोन वो? डॉक्टर म्हन्ले तीन घंटे बसल्त्या. मला पाया पडायचंय त्यांच्या."

"त्या सुट्टीवर गेल्यात," इनचार्ज सिस्टर म्हणाली.

दहा पावलांवर मी उभी होते. हातात डबा. एक पाऊल पुढं टाकलं असतं तर तिला दिसले असते. तिने हात धरला असता, बाळ दाखवलं असतं. किती वाढलं ते मला बघायचं होतं. पण मग तिने विचारलं असतं, कोणत्या गावच्या, कोणाच्या. किंवा शेजारी सासू असती. मी भिंतीला टेकले आणि ती लिफ्टमध्ये जाईपर्यंत हलले नाही. म्हातारीने गाऊन ओढला तेव्हा मी निदान "थांबा" म्हणाले होते. इथं कुणी ओढत नव्हतं, आणि मी स्वतःच्या पायाने मागे सरकले. त्या दिवसाची मला जेवढी लाज वाटते तेवढी गाऊन ओढला त्या दिवसाची वाटत नाही. खाली येऊन मी डबा आपटला. शबाना मावशीने काय झालं विचारलं, मी तिच्यावरच खेकसले.

चार महिने असेच गेले. मग हॉस्पिटलला मानांकनाचं वारं लागलं. मानांकन मिळालं की पाटी लागते, नाव होतं, सरकारी योजनांचे पेशंट वाढतात. तपासणीला बाहेरून लोक येणार. त्यांच्या यादीत एक मुद्दा असा, की कर्मचारी आणि रुग्ण यांच्यात भेदभाव होऊ नये म्हणून संस्थेने काय केलं आहे. झालं. आठ दिवसांत भिंतीभर पोस्टर. 'येथे सर्व समान.' 'विविधता हीच आमची ताकद.' एका दुपारी सगळ्यांना हॉलमध्ये बसवून पडद्यावर चित्रं दाखवली, सामोसा दिला, हजेरीवर सह्या घेतल्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि एक समिती. समान संधी समिती. सात जण. त्यात मी. त्यात शबाना मावशी, आणि इनचार्ज सिस्टरही. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, यादीच लागली.

तपासणीच्या दोन दिवस आधी प्रशासक सरांनी मला वर बोलावलं. वर म्हणजे बाळांच्या वॉर्डात. चार महिन्यांनी मी ते दार ढकललं. आत एक फोटोग्राफर उभा.

"ताई, तुम्ही तर आमच्या समतेचा चेहरा," सर म्हणाले. "माहितीपत्रकावर तुमचा फोटो टाकायचाय. कांगारू पद्धतीनं बाळ घेतलेला. छान दिसेल."

मला वाटलं, आता बाळ घ्यायला मिळणार. वॉर्डात चार बाळं होती. एक रडत होतं, भुकेचं रडणं, मला आवाजावरून कळतं. मी नकळत त्याच्याकडं वळले.

"अं हं. ते नको," सर म्हणाले. "बाहुली आहे ना ट्रेनिंगची. ती घ्या."

नव्या नर्सना शिकवायला एक रबरी बाहुली असते. इनचार्ज सिस्टरने ती कपाटातून काढली, टोपी घातली, माझ्या छातीशी धरली, मागून गाठ मारली. चार महिन्यांपूर्वी ज्या हातांनी सोडली त्याच हातांनी. रबर गार होतं. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, थोडं हसा. बाळाकडं प्रेमानं बघा."

बाळाकडं प्रेमानं बघा म्हणे!

माझ्या डोक्यात सणक गेली. मी मागे हात नेला, गाठ सोडली, बाहुली टेबलावर ठेवली.

"मी हा फोटो काढणार नाही."

"का हो ताई?"

"खऱ्या बाळाला हात लावायची मला बंदी आहे. आधी ती उठवा."

सर हसले. "बंदी? कोणी घातली? कुठं लिहिलंय?"

खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. तक्त्यात बदली होती, केसपेपरवर तापमान होतं, पट्टीवर पहिलं नाव होतं. लिहिलेलं काहीच नव्हतं. आणि सरांना ते माहीत होतं. फोटोग्राफरने कॅमेरा आवरला.

त्याच दुपारी चार वाजता समितीची बैठक होती. बैठक कसली, सर एक रजिस्टर घेऊन आले. इतिवृत्त आधीच लिहून तयार. चर्चा झाली, ठराव झाला, सर्वानुमते मंजूर झाला. आणि खाली, 'वर्षभरातील भेदभावाच्या तक्रारी : निरंक.' म्हणजे एकही नाही. सहा सह्या झालेल्या. सातवी माझी राहिली होती.

"इथं, ताई," सरांनी बोट ठेवलं. पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. निरंक. सकाळपासून शोधत होते ते उत्तर मला तिथं सापडलं. लिहिलेलं नाही, कारण लिहू दिलेलं नाही.

मी इनचार्ज सिस्टरला विचारलं, "सिस्टर, पेशंटच्या माणसांनी सुई नाकारली तर आपण काय करतो?"

"हे आत्ता कशाला?"

"सांगा ना."

"नकाराचा फॉर्म भरून घेतो."

"काय नाकारलं, का नाकारलं, आणि सही. बरोबर? सलाईन नाकारलं तरी फॉर्म. रक्त नाकारलं तरी फॉर्म. मग डॉक्टरांनी सांगितलेली कांगारू ऊब त्या आजीनं नाकारली तेव्हा फॉर्म का नाही भरला? 'का नाकारलं' तिथं काय लिहायला लागलं असतं?"

ती बांगड्यांशी चाळा करत राहिली. मी रजिस्टर माझ्याकडं ओढलं.

नर्सिंगला आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, चुकीची नोंद खोडून काळी करायची नाही. पांढरा रंग लावायचा नाही. पान फाडायचं नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं आणि सही करायची. मी 'निरंक'वर एक आडवी रेघ मारली. आणि लिहायला लागले.

वार, तारीख, वेळ. बाळाचं वजन. म्हातारीचे शब्द, तिने उच्चारले तसेच. गाऊन ओढला ते. पाणी, पदर, छाती, पाठ. 'थोडंच लावा, आजी.' तापमान किती होतं आणि किती झालं. मला आत येऊ दिलं नाही ते. दुसऱ्या दिवशीची बदली. आम्हा चौघींच्या पट्ट्या. दीड पान झालं. शेवटी लिहिलं, यापुढं कुणी जात किंवा धर्म पाहून आमचा हात नाकारला, तर त्यांच्याकडून कारणासहित लेखी नकार घ्यावा, सही घ्यावी आणि कर्मचाऱ्याची ड्युटी बदलू नये. खाली पूर्ण नाव. सही.

मी लिहीत असताना सर तीनदा म्हणाले, "ताई, हे काय चाललंय? परवा तपासणी आहे!" मी वर पाहिलं नाही.

इनचार्ज सिस्टरने वाचलं आणि तिचे डोळे भरले. "माझं नाव कशाला घातलंस गं? मी तुझ्या भल्याचंच पाहिलं ना? तिथं तमाशा झाला असता."

"तुम्हीच शिकवलंत, सिस्टर. जे झालं ते लिहायचं."

मला तिची कीव आली. आजही येते. पण मी तिचं नाव काढलं नाही.

शबाना मावशीची सही सहा सह्यांत होती. ती उठून माझ्याजवळ आली, हळू म्हणाली, "मी वाचलंच न्हाई बाई. सही मार म्हन्ले, मारली. माझं नको लिहू. घरी चार खाणारे हायेत. पर कुनी विचारलं तर मी खोटं बिलकुल सांगनार न्हाई." मी मान हलवली. तिने सही मागे घेतली नाही, मीही आग्रह केला नाही. उठण्याआधी मोबाइलवर त्या पानांचे फोटो काढून घेतले.

तपासणी पुढं ढकलली गेली. मला नोटीस आली. 'अधिकृत नोंदवहीत खाडाखोड केल्याबद्दल.' येत्या सोमवारी चौकशी.

काल सरांनी बोलावलं. चहा मागवला. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसले.

"ताई, वाद नको. ते पान आपण नव्यानं लिहू. जुनं काढून टाकू. नोटीस रद्द. सोमवारपासून तुम्ही परत बाळांच्या वॉर्डात. पट्टीवर पूर्ण नाव. स्पेशलच्या ड्युट्यासुद्धा. अजून काय पाहिजे?"

खोटं कशाला सांगू, माझा जीव हलला. चार महिने मी लोखंड धुतलंय. त्या वॉर्डाचा वास, त्या बाळांची ती मांजराच्या पिल्लाएवढी जांभई, सगळं माझ्यासमोर उभं राहिलं. मला दुसरं काही नकोच होतं. मी म्हणाले, "उद्या सांगते."

घरी, बदनापूरला, आईला सांगितलं. माझ्या शिक्षणासाठी या बाईने वीस वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपलं.

"मंग घी की. तेच पायजे व्हतं ना तुला?"

"त्यासाठी पान फाडू द्यावं लागंल, आई."

"कागदच हाये ना. रोटी तर न्हाई फाडून राह्यले."

मी तिच्यावर चिडले. खूप बोलले, बोलू नये ते बोलले. तू आयुष्यभर खाली मान घातलीस म्हणून मीही घालू का, असं म्हणाले. ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "खाली मान घातली म्हनून तू शिकली." मी ताटं घेतली.

पण मी विचार केला. समजा पान गेलं. समजा मी परत वॉर्डात आले, पूर्ण नावाची पट्टी लावून. उद्या दुसरी कुणी बाटली घेऊन येईल. पट्टी वाचेल. इनचार्ज सिस्टर म्हणेल, थोडंच लावा. आणि मी परत काचेबाहेर उभी असेन, कारण वहीत तर असं कधी घडलेलंच नसेल. ते बाळ आपोआप गार पडलं, एवढंच उरेल. पुढच्या नर्सला कुणीतरी हसून विचारेल, कुठं लिहिलंय?

आज सकाळी मी सरांकडं गेले. उभ्यानेच बोलले.

"पान राहील, सर."

"मग वॉर्ड विसरा."

"विसरणार नाही."

"नोकरी जाऊ शकते, कळतंय ना?"

"कळतंय."

सोमवारी चौकशीला मी जाणार आहे. पानांच्या प्रती घेऊन जाणार आहे, एक त्यांना, एक तपासणी करणाऱ्यांना. माफी मागणार नाही, आणि म्हातारीने माझी मागावी असंही मी म्हणत नाही. तिची माफी घेऊन मी काय करू? मला बाळांच्या वॉर्डातली माझी जागा परत पाहिजे. ते पान वहीत ठेवून पाहिजे. आणि नाही दिली, तर तेही लिहीन. तारीख, वेळ, आणि कोण काय म्हणालं ते.